वंशावळीतला दुवा डीएनए चाचणीने कसा तपासावा

लाळेची नळी पाठवली आणि महिना-दीड महिन्यात घराण्याची वंशावळ हाती आली, असे कधी घडत नाही. ज्या दोन माणसांची तपासणी झाली त्यांच्यात वारशाने आलेला किती डीएनए सारखा आहे, एवढेच चाचणी सांगते. त्या दोघांचे नाते कोणते, त्यांचा समान पूर्वज कोण आणि तो कोणत्या गावचा, हे कागदपत्रांवरून आणि जुन्या माणसांच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागते. शिवाय अमेरिका-युरोपातील घराणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या सूचना मराठी कुटुंबांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. परदेशी कंपन्यांच्या संग्रहांत आपले नातेवाईक थोडे असतात आणि जे असतात त्यांच्याशी आपले नाते, पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या आतच लग्ने झाल्यामुळे, एकाच वेळी अनेक बाजूंनी जुळलेले असते. म्हणून अनोळखी माणसांच्या यादीची वाट पाहत बसण्यापेक्षा वंशावळीतला एक नेमका प्रश्न घ्यावा, त्याचे उत्तर कोणत्या दोन-चार माणसांच्या डीएनएत सापडू शकेल हे आधी मांडून पाहावे आणि नेमकी त्याच माणसांची चाचणी करावी, अशी पद्धत येथे सांगितली आहे.

आधी प्रश्न आणि कागद

‘आमचे मूळ कुठले?’ हा प्रश्न चाचणीसाठी फार मोघम आहे. ‘पणजोबा दत्तक गेले होते असे सांगतात, तर त्यांचे जन्मघर अमुक गावचे तमुक घराणेच का?’ किंवा ‘शेजारच्या दोन तालुक्यांतील एकाच आडनावाची दोन घराणी एकाच मूळ पुरुषाची का?’ असा हो किंवा नाही असे उत्तर येऊ शकणारा प्रश्न असेल, तरच पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

प्रश्न ठरल्यावर आधी कागद गोळा करावेत. घरातील जुनी टिपणे व लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जमिनीचे सातबारा व फेरफार, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ आणि घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो, हे सगळे एकत्र करावे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी गाव व आडनावानुसार सापडू शकतात, आणि त्यांत आजोबा-पणजोबांच्या हातची अक्षरेही असतात. जुन्या नोंदी मोडीत असल्यास मोडी वाचणारा जाणकार गाठावा. ओळखीच्या एखाद्या अक्षरावरून अंदाज बांधू नये.

येथे एका गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आपल्याकडची पारंपरिक वंशावळ पुरुषांची असते. चार पिढ्या वर गेल्यास प्रत्येकाला सोळा खापरपणजोबा-खापरपणजी असतात. घरातल्या वंशावळीत त्यांतले बहुधा एकच पुरुष आणि फार तर त्याची पत्नी यांची नावे असतात, तीही लग्नानंतर बदललेल्या नावासह. डीएनए मात्र या सोळाही जणांकडून आलेला असतो. चाचणीत एखादी जुळणारी व्यक्ती निघाली, तर तिचे नाते न लिहिलेल्या चौदा-पंधरा जणांपैकी कोणाकडून तरी असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि मग ते कोठेही बसवता येत नाही. म्हणून चाचणीआधी घरात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, आडनाव, गाव, वडिलांचे नाव आणि तिच्या आईचे माहेर, इतके जमेल तेवढ्या पिढ्यांपर्यंत लिहून काढावे. ही माहिती घरातल्या वयस्क स्त्रियांकडेच असते आणि त्यांच्याबरोबर ती नाहीशीही होते. काही कारणाने चाचणी झालीच नाही, तरी हे काम वाया जात नाही.

तीन प्रकारच्या चाचण्या

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे असे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. त्यामुळे आडनावाची पुरुषपरंपरा तपासायला वाय चाचणी उपयोगी पडते आणि ती फक्त पुरुषाचीच करता येते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात; आजीच्या आजीपर्यंतचा थेट माग त्यात असतो, परंतु तो इतका सावकाश बदलतो की अलीकडच्या पाच-सात पिढ्यांतील नाते ठरवण्यास त्याचा उपयोग कमी. तिसरी ऑटोसोमल चाचणी होय. ती उरलेल्या २२ गुणसूत्रांच्या जोड्या पाहते, सर्व बाजूंच्या पूर्वजांचा हिस्सा दाखवते आणि साधारण पाच पिढ्यांपर्यंतची नाती शोधायला तीच घ्यावी. जाहिरातींत दिसणारी स्वस्त चाचणी बहुधा हीच असते.

वाय चाचणीबाबत दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. दहा पिढ्या वर गेल्यास वंशवृक्षात १०२४ जागा असतात आणि वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाच जागेवरच्या माणसाविषयी बोलते. तेव्हा अहवालात आर१ए, एच, एल, जे२ असा पुरुषपरंपरेचा एखादा गट (हॅप्लोग्रुप) आला म्हणजे ‘आपण अमुक वंशाचे’ असा निष्कर्ष काढणे निरर्थक आहे. दुसरे असे की, ३७ मार्करांच्या, म्हणजे गुणसूत्रावरच्या ठरावीक ३७ जागा पाहणाऱ्या, साध्या चाचणीत दोन पुरुषांमध्ये पुष्कळ फरक निघाला तर समान मूळ पुरुषाची शक्यता नाकारता येते, परंतु आकडे जुळले म्हणून तो मूळ पुरुष दोनशे वर्षांपूर्वीचा की हजार वर्षांपूर्वीचा हे कळत नाही. तेवढे बारीक उत्तर हवे असेल तर बिग वाय ७०० सारखी सविस्तर, आणि बरीच महाग, चाचणी लागते.

दत्तकाचा प्रश्न आणि माणसांची निवड

मराठी घराण्यांत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न दत्तकाचाच असावा. त्यात कोणती चाचणी निवडावी हे दत्तक कोठून आला यावर अवलंबून असते. सर्वांना ठाऊक असलेली दोन उदाहरणे घेऊ. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले तिसरे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे असले, तरी गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले होते. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले राजर्षी शाहू महाराज मात्र कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले होते. पहिल्या प्रकारच्या दत्तकात दोन्ही शाखांचे वाय गुणसूत्र मुळात एकाच पुरुषाकडून आलेले असणे अपेक्षित असल्याने साधी वाय चाचणी जन्मघर आणि दत्तकघर यांत भेद करू शकणार नाही. दुसऱ्या प्रकारात तो भेद लगेच दिसावा. आपल्याकडे दत्तक बहुधा भाऊकीतूनच घेत असल्याने पहिला प्रकारच अधिक संभवतो आणि अशा वेळी वाय चाचणीवर पैसे घालण्यापूर्वी ऑटोसोमल चाचणीचा विचार करावा.

आता चाचणी कोणाची करायची ते पाहू. समजा पणजोबा ‘ब’ हे दुसऱ्या घरी दत्तक गेले आणि त्यांचे जन्मघरातील सख्खे भाऊ ‘अ’ होते, असे सांगितले जाते. तुमचे वडील हे ‘ब’ यांचे नातू. जन्मघरातील त्यांच्याच पिढीचा ‘अ’ यांचा एखादा नातू किंवा नात हयात असेल, तर या दोघांत, सांगीव माहिती खरी असल्यास, सरासरी २२९ सेंटिमॉर्गन डीएनए समान असावा. सेंटिमॉर्गन हे समान तुकड्यांची लांबी मोजण्याचे एकक असून बाप आणि मुलगा यांच्यात ते सुमारे ३४०० ते ३७०० भरतात. परंतु तुम्ही स्वतः आणि जन्मघरातला तुमच्या पिढीचा पणतू अशी चाचणी केली, तर सरासरी ७३ पर्यंत खाली येते, आणि अशा नात्यातील दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत मोजण्याजोगा समान डीएनए मुळीच आढळत नाही. त्याखालच्या पिढीत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक जोड्या अशा कोऱ्या निघतात. म्हणूनच घरातील सर्वांत ज्येष्ठ पिढीची चाचणी आधी करावी, आणि एकाच जोडीवर न थांबता दोन्ही बाजूंची दोन-तीन भावंडे घ्यावीत, कारण सख्ख्या भावंडांना आईवडिलांचे वेगवेगळे तुकडे मिळालेले असतात. आजोबांच्या बहिणी, म्हणजे वडिलांच्या आत्या, हयात असतील तर त्यांना विसरू नये. वंशावळीत नसल्या तरी या कामात त्या तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहेत.

नमुना देण्याची कृती सोपी आहे. त्याआधी अर्धा तास खाणे, चहा, पान, तंबाखू काही नको. काही कंपन्या नळीत लाळ घेतात आणि काही गालाच्या आतून बोळा फिरवून घेतात. तोंड कोरडे पडणाऱ्या वृद्धांसाठी बोळ्याची पद्धत सोयीची. एकाच घरातील तीन-चार नमुने एकदम घ्यायचे असतील, तर एकेकाची नळी बंद करून, क्रमांक नोंदवूनच दुसरी उघडावी. भारतातून नमुना स्वीकारला जातो का, हे संच मागवण्यापूर्वीच त्या कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

आकडे कसे वाचावेत

निकालासोबत आलेल्या ‘दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीचे चुलत नाते’ अशा अंदाजांवर आपल्या बाबतीत विश्वास ठेवू नये. ते अंदाज बांधताना दोघांना जोडणारी वाट एकच आहे असे धरलेले असते. भारतीय उपखंडात मात्र सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत वेगवेगळ्या लोकसमूहांचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर होत राहिले आणि त्यानंतर गटाबाहेरची लग्ने दुर्मीळ झाली, असा निष्कर्ष २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात निघाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक गट तपासले होते. त्यांतील ८१ गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढ झाल्याची खूण फिनलंडचे लोक किंवा मध्य व पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होती. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुमच्याच जातीतल्या, कोणतेही ज्ञात नाते नसलेल्या माणसाशीही तुमचे चाळीस-पन्नास सेंटिमॉर्गन जुळू शकतात.

यावर उपाय म्हणजे बेरजेपेक्षा तुकड्यांची लांबी पाहणे. एका व्यक्तीशी ६० सेंटिमॉर्गन जुळतात, पण ते सहा ते आठ लांबीच्या आठ-नऊ तुकड्यांत विखुरलेले आहेत. दुसऱ्या व्यक्तीशीही ६० जुळतात, पण त्यांत ४२ चा एक सलग तुकडा आणि १८ चा दुसरा आहे. पहिले जुळणे जातीच्या जुन्या सामाईक वारशाचे असण्याचा संभव अधिक, कारण पिढीगणिक तुकडे तुटत लहान होत जातात. दुसरे अलीकडच्या एखाद्या पूर्वजाकडून आलेले असण्याची शक्यता बरीच आहे. मी स्वतः अशा कामात दहाहून लहान तुकडे धरतच नाही आणि निष्कर्षासाठी वीसच्या वरचा किमान एक सलग तुकडा मागतो. ही मर्यादा कोणी नेमून दिलेली नाही, पण तिच्यामुळे पुष्कळ भ्रम टळतात. तुकड्यांची यादी सर्वच कंपन्या दाखवत नाहीत. त्यासाठी मूळ डेटाची फाइल उतरवून घेऊन जेडमॅच या संकेतस्थळावर चढवता येते. तेथे दोन व्यक्तींची तुकड्या-तुकड्याने तुलना होते.

जेडमॅचवर एखाद्याचे आईवडीलच एकमेकांचे नातेवाईक होते का हे पाहण्याचीही सोय आहे आणि मराठी माणसाने ती तपासणी सर्वांत आधी करावी. मामेबहिणीशी लग्न अनेक समाजांत रूढ होते आणि काही ठिकाणी आजही आहे. अशा जोडप्याच्या अपत्यात साधारण सहा टक्के डीएनए दोन्ही बाजूंनी एकसारखा येतो आणि त्याच्या इतर नातेवाइकांशी जुळणारे आकडे फुगतात. साटेलोट्याच्या लग्नांत तर गंमतच होते. दोन घरांनी भाऊ-बहिणींची अदलाबदल करून सोयरीक केली असेल, तर त्या दोन जोडप्यांची मुले एकमेकांची मामेभावंडेही असतात आणि आतेभावंडेही. त्यांच्यात एरवीच्या आते-मामेभावंडांच्या सुमारे ८७० ऐवजी जवळजवळ दुप्पट डीएनए समान निघतो आणि कंपनीचा संगणक त्यांना बेलाशक सावत्र भावंडे ठरवतो. घरात हा अहवाल उघडण्यापूर्वी कोणाची लग्ने साटेलोट्याची होती हे ठाऊक असलेले बरे.

आणखी एक उपाय पुष्कळांना सुचत नाही. आपल्याच जातीतील, पण दूरच्या तालुक्यातील, ज्ञात नाते नसलेल्या दोन-तीन परिचितांनी अशी चाचणी केली असेल, तर त्यांच्या संमतीने आपल्या घरच्यांशी त्यांची तुलना करून पाहावी. तेथे जो आकडा येईल तो आपल्या समाजातली ‘काहीच नाते नाही’ याची पातळी समजावी, आणि जन्मघराच्या वारसाशी जुळणारा आकडा तिच्यापेक्षा स्पष्टपणे वर आहे का ते पाहावे.

पुरुषांसाठी एक्स गुणसूत्र ही छोटी पण हुकमी खूण आहे. पुरुषाला एक्स फक्त आईकडून मिळत असल्याने, त्याच्या एक्सवर एखाद्याशी मोठा तुकडा जुळला तर ते नाते आईच्या बाजूचे धरायला हरकत नाही.

अहवालाच्या पहिल्याच पानावर येणारा टक्केवारीचा रंगीत नकाशा या कामात बाजूला ठेवावा. कंपनीने जमवलेल्या नमुन्यांशी केलेली ती तुलना असते, नमुने वाढले की टक्के बदलतात, आणि कोकण की देश हे ठरवण्याइतकी बारकाई त्यात नसते. अहवालात जातही लिहून येत नाही. जात पडताळणीचे काम कागदोपत्री पुराव्यांवर चालते, तेथे हा अहवाल घेऊन जाण्यात हशील नाही.

समुद्रापलीकडचे दुवे

मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना ही पद्धत विशेष उपयोगाची आहे. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या स्थलांतरितांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत आणि त्यांत गेलेल्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, वय, जिल्हा, गाव असा तपशील सापडतो. गावाचे नाव हाती आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील त्या गावात कोणत्या भाऊकीत ‘एक भाऊ समुद्रापलीकडे गेला’ असे सांगतात, हे विचारता येते. मात्र दीडशे वर्षांचे अंतर असल्याने ऑटोसोमल डीएनए पुरेलच असे नाही. पुरुषपरंपरा अखंड असेल तर दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची सविस्तर वाय चाचणी आणि जोडीला दोन्हीकडच्या चार-पाच ज्येष्ठांची ऑटोसोमल, असा बेत करावा.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचे उदाहरण वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. अलिबागजवळच्या नवगावाशी गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते; २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या डीएनएत मध्यपूर्वेकडील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले आणि त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असल्याचा अंदाज बांधला गेला. हे उत्तर समाजाचे आहे. पेणकर आणि रोहेकर ही दोन विशिष्ट घरे किती जवळची, हे त्यातून कळत नाही; उलट लहान समाजात लग्ने आपसांत झाल्याने त्यांच्या बाबतीत वर सांगितलेली तुकड्यांची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

संमती, खासगीपणा आणि नको असलेले उत्तर

चाचणीत कधीकधी विचारले नसलेले उत्तर मिळते. बाप मानलेला माणूस जन्मदाता नव्हता, किंवा दोन सख्खी भावंडे अर्धी सख्खी आहेत, हे ऑटोसोमल निकालात लपत नाही. म्हणून लाळ देणाऱ्या प्रत्येकाला ही शक्यता आधी स्पष्ट मराठीत सांगावी, निकाल कोण पाहणार आणि नको असलेली गोष्ट निघाल्यास ती सांगायची की नाही हे विचारून लिहून घ्यावे. ‘आजी, जरा यात थुंका’ एवढ्यावर घेतलेला नमुना ही संमती नव्हे. असे काही निघालेच, तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीकडून किंवा दुसऱ्या भावंडाच्या चाचणीने खात्री करावी आणि ज्याच्याविषयी ते आहे त्याच्याशीच आधी बोलावे.

डेटा एकदा दिला की तो केवळ आपला उरत नाही. भावंडांचा, मुलांचा, आते-मामेभावंडांचाही काही अंश त्यात असतो. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी जेडमॅचवरच्या दूरच्या नातेवाइकांवरून शोधला गेला. तेथे आता पोलिसी तपासासाठी आपला नमुना खुला ठेवायचा की नाही हे निवडता येते, आणि ती निवड चढवतानाच विचारपूर्वक करावी. खात्याला स्वतंत्र सांकेतिक शब्द आणि दुहेरी पडताळणी ठेवावी, नावाऐवजी आद्याक्षरे वापरावीत, मूळ फाइल स्वतःकडे उतरवून घ्यावी आणि काम संपल्यावर नमुना नष्ट करण्याची विनंती नोंदवावी.

निष्कर्ष वंशावळीत उतरवताना कागदाने सिद्ध झालेला दुवा सलग रेषेने आणि डीएनएवर आधारलेला तुटक रेषेने दाखवावा, आणि तुटक रेषेशेजारी चाचणीचे वर्ष, कंपनी, एकूण सेंटिमॉर्गन, सर्वांत मोठा तुकडा आणि कोणत्या दोन शाखांच्या वंशजांची तुलना केली हे लिहावे. दत्तकाच्या ठिकाणी दोन्ही रेषा ठेवाव्यात: दत्तकघराची सलग, कारण आडनाव, वतन आणि श्राद्धाचा अधिकार त्या घरातून आला, आणि जन्मघराची तुटक. कुलवृत्तांत छापायला जाणार असेल, तर हयात व्यक्तींचे आकडे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय त्यात घालू नयेत; ‘थोरल्या शाखेतील एक वंशज’ एवढा उल्लेख छापील पानावर पुरतो, नावांची यादी घरच्या वहीत राहू द्यावी.